मामाचा डबा आणि आईची थंडी

साऱ्या रायगडच्या किनाऱ्यावर थंडीशी उभा दावा मांडलेला एकच माणूस आहे, आणि तो माझा धाकटा मामा. जिथं पौषातही लोक पंखा लावून झोपतात, त्या मुरुडजवळच्या नारळाच्या वाडीत तो तीन वर्षं हिवाळ्याशी झुंजला. त्याचं घर म्हणजे चाकांवरची पत्र्याची खोली. कुणा हौशी परदेशी माणसाची, मोटारीमागे बांधून प्रवासाला न्यायची, पन्नासेक वर्षं जुनी. उरणला भंगारात ती दिसली आणि आमचा सडाफटिंग मामा तिच्यावर भाळला. बंदरातली फिटरची नोकरी संपताच त्याने ती ट्रॅक्टरला जुंपून गावी आणली. गाव तिला डबा म्हणतं. मामा तिला बंगली म्हणतो आणि आत शिरणाऱ्याला चपला बाहेर काढायला लावतो.

पण या दाव्याचं मूळ मी आहे, हे लिहितानाही मला लाज वाटते. माझी आई म्हणजे मामाची आक्का. तिला भावाकडे आठ दिवस राहायचं होतं. आमच्या पनवेलच्या सोसायटीत आणि बायकोच्या माहेरी काय सांगायचं? मुलाने आईला भंगारात ठेवलं? हे मामाला तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी ठोकून दिलं, "मामा, पत्रा फार गार पडतो. आईचे गुडघे धरतील." मामाला ते तंतोतंत पटलं. कुणी खोटं बोलेल ही शंकाच त्याला कधी शिवली नाही.

पहिल्या हिवाळ्यात त्याने डब्याखाली भाताचा पेंढा ठासून भरला. शेजाऱ्याच्या म्हशींनी चार दिवसांत सगळी ऊब खाऊन टाकली. "खाऊ दे," मामा म्हणाला, "त्यांनाबी थंडी वाजत आसंल." दुसऱ्या वर्षी त्याने भिंतींना आतून गोणपाट आणि नारळाचा काथ्या इतका ठोकला, की कूस बदलायला त्याला बाहेर यावं लागे. मग ऊब मोजायला त्याने डॉक्टरांकडून ताप बघायची काचेची नळी मागून आणली आणि खिळ्याला टांगली. तो रोज फोन करी, "पारा काय हालत न्हाय रं!" तो हलणार कसा? खोलीला माणसाइतका ताप चढल्याशिवाय त्या नळीतला पारा जागचा उठत नाही. मला हे ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "पारा हलला की लगेच आणतो आईला." आणि फोन ठेवून बायकोला हसत हसत सांगितलं. माझ्यासारखा कोडगा मीच.

या जानेवारीत भरदुपारी फोन आला. "हालला! भाचेबुवा, पारा हालला! आन आक्काला!"

आता सबब उरली नव्हती. एसटीत आईने विचारलं, "थंडीचं तूच सांगितलंस ना त्याला? मला कधी रे थंडी वाजली?"

पारा हललेला राहावा म्हणून मामाने सकाळपासून उकळत्या पाण्याचे हंडे आत मांडले होते, फटीन् फट चिंध्यांनी बुजवली होती. आत पाऊल टाकताच माझा चष्मा धुरकटला. घामाने निथळत मामा उभा होता. त्याने भीत भीत विचारलं, "आक्का, गार तर लागत न्हाय ना?"

आईच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. ती गादीवर बसली, पाय वर घेतले. "बाहेर काय गारठा होता रे! इथं आल्यावर जिवात जीव आला," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. "पिशवीतली शाल दे."

मी शाल दिली. तिने ती गळ्यापर्यंत लपेटून घेतली. मामाचा चेहरा असा फुलला, की मला बघवेना. "बघ, तू म्हनलास तेच खरं," तो मला म्हणाला. "आक्काला थंडी सोसतच न्हाय."

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी दारात बराच वेळ घुटमळलो.

"दार लाव रं," मामा म्हणाला, "वारा येतोय तिला."

मी बाहेर आलो आणि दार नीट ओढून घेतलं.