एकशे सत्त्याऐंशीपासून सुरू होणारी वायर

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर आमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान. काउंटरखाली एक खण आहे. प्रत्येक कामातून वायरचा एखादा तुकडा उरतो, तो खणात पडतो. आणि एखादा किस्सा उरतो, तो माझ्या तोंडात. खण मी दिवाळीला साफ करतो. तोंडाचं काही विचारू नका!

यातले बहुतेक किस्से माझा भागीदार पल्लूभाऊ आणि त्याची काळी थैली यांचे. थैलीत तऱ्हेतऱ्हेच्या वायरी, अडॅप्टर, पिना, जोडण्या. पल्लूचे वडील आप्पा कळसाडीला कापूस-ऊस करतात. पोरानं शेती सोडून 'वायरी चिवडाव्या' हे त्यांना बिलकुल पसंत नाही. शेवटी दोघांत करार झाला, माझ्यासमोर.

"जो दिन तुन्ही थैली 'नही' म्हनी," आप्पा म्हणाले, "त्या दिन वावरमा येवानं. कबूल?"

"कबूल," पल्लू म्हणाला.

म्हणजे कामाला लागणारी वस्तू थैलीत नसली, की पल्लूनं शेतात परतायचं. तेव्हापासून प्रत्येक कामाला मी थैलीत डोकावूनच निघतो. पल्लू गेला तर दुकान चालवणार कोण? मला फक्त बोलता येतं!

* * *

विसरवाडीला हायवेवर एक वजनकाटा आहे. मालकानं नवा कॉम्प्युटर आणला, पण काट्याची जुनी जाड पिन त्यात बसेना. ट्रकांची रांग थेट ढाब्यापर्यंत. पल्लूनं थैलीत हात घातला आणि करंगळीएवढा अडॅप्टर काढला. एका टोकाला जुनी पिन, दुसऱ्या टोकाला यूएसबी.

एक ट्रक ड्रायव्हर वाकून बघत होता. "उस्ताद, बीस टन वजन इतनी पतली वायर से जाएगा?"

"एक साथ थोड़े ही जाता है?" मी म्हणालो. "किलो-किलो करके जाता है!"

ड्रायव्हरनं मान हलवली. "फिर तो टाइम लगेगा. चाय पीके आता हूँ."

* * *

एका शाळेत नेट चालेना. पल्लूनं वायरीला टेस्टर लावला. आत आठ तारा, म्हणून टेस्टरवर आठ दिवे. एकामागून एक लागले, सहावा मात्र लागलाच नाही.

"वायर फेल आहे, सर. नवी ओढावी लागेल."

हेडसर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आठपैकी सात! साडेसत्त्याऐंशी टक्के! एवढ्यावर नापास?"

"सर, आमच्यात ढकलगाडी नाही!" मी म्हणालो.

त्या शाळेत आमच्या नव्या खोक्यातली खूप वायर गेली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

* * *

पल्लूकडे एक शिट्टीवालं यंत्र आहे. भिंतीत किंवा जमिनीत वायर कुठून गेली ते शोधायचं. वायरीवर आलं की कुंईऽऽ करतं. तापीकाठच्या एका केळीवाल्याच्या बंगल्यात आम्ही काम करत होतो. तो हे बघून मागेच लागला.

"भाऊ, हाई पानी बी शोधस का?"

पल्लू नाही म्हणणार तेवढ्यात मी म्हणालो, "शोधतं ना!" आणि यंत्र घेऊन त्याला मळ्यात फिरवलं. एका जागी कुंईऽऽ झालं. त्या माणसानं तिथेच कुदळ घातली! हातभर खणलं आणि ओरडला, "पानी ऱ्हाऊ द्या भाऊ, मन्ही मोटारनी केबल सापडनी!" दोन वर्षं शोधत होता म्हणे.

* * *

आता एक कबुली. थैली कधी 'नाही' म्हणते का, हे बघायची मला फार खाज. नंदुरबारला एका साडीच्या दुकानात बिलिंग मशीनपासून वायर हातभर कमी पडली. दोन वायरी जोडायची जोडणी थैलीत सापडेना. कशी सापडेल? माझ्या खिशात होती!

पल्लूनं थैली पालथी केली. मला वाटलं, उगाच खेळलो, गडी चालला कळसाडीला! मी खिशात हात घालणार, तेवढ्यात पल्लू म्हणाला, "शेठ, टेबल हातभर इकडे सरकवा."

टेबल सरकलं, वायर लागली.

"हे आम्हाला का नाही सुचलं?" शेठ म्हणाले.

"तुमच्याकडे थैली नाही ना!" मी म्हणालो.

* * *

मग एक दिवस आप्पांचा फोन आला. "दोन्ही जन कळसाडी या. थैली बी संगे लई या."

गेलो. पाण्यानं दोन शेतांमधला बांध वाहून गेलेला. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला शेजारी मगनकाका. आप्पांचं शेत ब्याण्णव मीटर रुंद, हे दोघांना मान्य. पण ब्याण्णव कुठे संपतात, यावर भांडण.

"मोजाले टेप पाहिजे," आप्पा हसत म्हणाले. "शे का थैलीमा?"

मी आत डोकावलो. टेप नव्हता.

"मंग? सोमवारपासून उसले पानी देवाले ये."

पल्लूनं खाली बसून निळ्या वायरीचं बंडल काढलं. "आप्पा, हिच्यावर दर मीटरला आकडा छापलेला असतो."

आप्पांच्या शेताच्या पलीकडच्या शाबूत बांधावर मगनकाकांच्या हातात टोक देऊन त्यानं वायर शेतातून ओढत नेली. काकांनी चष्मा लावून टोक वाचलं आणि भडकले. "हाई तं एकशे सत्त्याऐंशीपासून चालू व्हस! पहिला एकशे सत्त्याऐंशी मीटर कोठे गयात? तुम्हना वावरमा?"

"काका, ते शाळेत गेले!" मी म्हणालो.

"मंग शाळा कोना वावरमा शे?"

आप्पांनी काडीनं मातीत वजाबाकी केली. दोनशे एकोणऐंशीवर खुंटी ठोकली. काकांनी वजाबाकी तीनदा तपासली आणि मान हलवली. भांडण मिटलं. आप्पा कराराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. फक्त बंडल खांद्यावर अडकवलं. "हाई मन्हापाशीच ऱ्हाऊ दे."

महिन्याभरानं दुकानात फोन वाजला. मीच उचलला.

"पल्लूले सांग, वायरनं आख्खं खोकं धाडी दे. पन शून्यपासून पाहिजे! वावर मोजाले गऊ का लोके इचारतस, पहिला मीटर कोठे गयात! आनि ते शिट्टीवालं यंत्र बी."

"आप्पा, आणि शेती?"

"वावरमा मानूस ठेवेल शे. मले आते टाईम कोठे शे?"