साहेब येईपर्यंत

आमचे हे बेळगावात वकिली करत आणि क्लबचे चिटणीस होते. क्लब म्हणजे पत्ते कुटायचा नव्हे. कॅम्पातल्या एका बंगल्यात दर आठवड्याला वकील, डॉक्टर, पेन्शनर मामलेदार, निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी असे जमायचे, एका टेबलाला जेवायचे आणि लोकांचं भलं कसं करायचं ते ठरवायचे. जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवणारी ती गावातली पहिलीच मंडळी असावी, हे मी आजही मान्य करते. विलायतेतल्या एका गावच्या तसल्याच क्लबाशी त्यांची दोस्ती होती. इकडून तिकडं फोटो जायचे, तिकडून नाताळाची कार्डं यायची.

फक्त एक खोड होती. काम पुरं झालं तरी मोठ्या पाहुण्याच्या हातून उघडल्याशिवाय वापरायचं नाही. सांबऱ्याकडच्या एका वस्तीत त्यांनी विहीर बांधली. पाणी लागलं, रहाट बसला, आणि कलेक्टर दौऱ्यावरून परतेपर्यंत बायका भरल्या विहिरीवरून रिकाम्या घागरी घेऊन ओढ्याला जात राहिल्या. मी ह्यांना म्हणायची, "पाण्यालासुद्धा तुमचा मुहूर्त लागतो होय?" हे हसायचे. बायकोच्या बोलण्यावर हसून गप्प बसायची वकिलांना सवय असते.

मग दवाखान्याची मोटार आली. विलायतेतल्या त्या गावच्या बायकांनी घरी केक भाजून विकले आणि त्या पैशांतून आपल्याकडच्या खेड्यांतली आजारी माणसं आणायला गाडी घेऊन दिली. गणपतीच्या सुमारास ती बंगल्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. मागच्या दारांवर लाल फीत, आत कोऱ्या कापडाचं स्ट्रेचर. ड्रायव्हरही ठेवला. तो रोज गाडी पुसायचा. तिकडच्या क्लबचा अध्यक्ष दिवाळीनंतर स्वतः येणार होता, त्याच्या हातून फीत कापायची होती.

माझी धाकटी बहीण जांबोटीला दिलेली. तिचं पहिलंच बाळंतपण. मी तिला माझ्याकडं आणणार होते, पण सासू म्हणाली, भात कापून होऊ दे, मग ने.

साहेब बेळगावात यायच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा दीर सायकल हाणत आला. दारात सायकल टाकली आणि तिथंच खाली बसला.

"आक्का, वैनी अडलीया. बाळ आडवं आलंय. सुईण म्हणती, आता माझ्या हातात न्हाय. दवाखान्याची मोटार आलीया म्हणं तुमच्याकडं. तेवढी द्या."

मी ह्यांना घेऊन बंगल्यावर गेले. क्लबात दोघांकडंच मोटारी होत्या, अध्यक्षांकडं आणि डॉक्टरांकडं, आणि दोघंही साहेबाला आणायला निपाणीला गेलेले. तिथं व्यापाऱ्यांच्या घरी मेजवानी होती. जांबोटीची प्रवाशांची सर्व्हिस मोटार उद्याशिवाय नव्हती. उरली ती फीत बांधलेली. तिची किल्ली उपाध्यक्षांकडं, म्हणजे आमच्या मामलेदारांकडं होती.

ते ऐकून कळवळले. खोटं नाही सांगत, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि म्हणाले, "वहिनी, तो माणूस समुद्र ओलांडून आलाय. त्याच्या गावच्या बायाबापड्यांनी घाम गाळून दिलेली गाडी. त्यानं बघायच्या आधी आपण मळवून ठेवली तर काय म्हणेल? दुसरं काही सांगा, जीव टाकतो."

"साहेबाचं मी बघते," मी म्हणाले. "ती मेली तर आमच्या आईला कोण तोंड दाखवणार?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. कोर्टात ह्यांचा आवाज बाहेरच्या वडापर्यंत जायचा. हे फितीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "क्लबचा शब्द गेलाय गं." मी चारचौघांत मामलेदारांचे पाय धरले. ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. रस्ता कोरडा ठणठणीत होता, मोटार दुपारच्या आत जाऊन आली असती.

आणि बाकी सगळं त्यांनी केलं. कुणी धमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, आणली, कुणी चांगली बैलजोडी शोधली, मामलेदारांनी स्वतःच्या पलंगावरची गादी दिली आणि त्या वयात गाडीबरोबर चालत निघाले. कंपाउंडरला घेतलं. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मी धमणीत बसले होते. बैल बैलाच्याच चालीनं चालणार. मी देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. जांबोटीत पोचलो तेव्हा ती मला ओळखत होती. "मोटार आली न्हवं आक्का?" तिनं विचारलं. मी व्हय म्हणाले. तिला गादीवर निजवलं आणि उलटे फिरलो. किणयेच्या अलीकडं, उजाडल्यावर, माझ्या मांडीवर ती गेली. बाळ पोटातच.

संध्याकाळी फीत कापली. सुतक होतं म्हणून मी गेले नाही. बँड घरापर्यंत ऐकू येत होता.

निघायच्या आधी साहेब आमच्या घरी चहाला आला. उंच, म्हातारा, भल्या चेहऱ्याचा. त्यानं माझ्याकडं बघत ह्यांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. ह्यांचा चेहरा उतरला. "काय म्हणतात?" मी विचारलं. हे चाचरत म्हणाले, "गाडी येऊन इतके दिवस झाले, तर पहिलं आजारी माणूस कुठलं आणलंत, असं विचारतात."

त्याला आमची रीत ठाऊकच नव्हती. गाडी आली त्या दिवसापासून ती धावत असणार, असंच तो धरून चालला होता.

"माझी बहीण," मी म्हणाले. "सांगा त्यांना."

हे खाली बघत बरंच काही बोलले. साहेब उठला. माझा हात त्यानं दोन्ही हातांत धरला, त्याचे डोळे भरून आले होते. तोवर मी कुणासमोर रडले नव्हते. त्या परक्या माणसासमोर मी ओक्साबोक्शी रडले. वाटलं, एकाला तरी कळलं.

पुढच्या थंडीत विलायतेहून माझ्या नावानं पार्सल आलं. आत लोकरीची पांढरी शाल होती आणि एवढीशी टोपी. टोपी कुणाला, मी ह्यांना विचारलं. हे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "दोघंही वाचली असं सांगितलं होतं मी. तो एवढ्या लांबून आलेला, मला तोंडच उघडवेना." मी ती टोपी मुठीवर चढवून बघितली.

खरं कळवा, असं मी ह्यांना किती वेळा म्हणाले. ह्यांनी दरवेळी आभाराचं पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी टोपी मोठी आली, बरोबर मोजे. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी मोठी, आणि बाहीवर बदक विणलेला स्वेटर. तिकडं कुणीतरी बाई, आता एवढं झालं असेल म्हणून, हिशेबानं टाके वाढवत होती. मग लढाई पेटली, बोटी बंद झाल्या आणि पार्सलं थांबली. ते सगळं मी ट्रंकेत ठेवलंय, लहानापासून मोठ्यापर्यंत, वापरलेलं काही नाही.