पट्ट्याची भोकं

चाकणच्या आमच्या कंपनीतल्या दवाखान्यात सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी कमरेच्या पट्ट्याकडे. बकल कितव्या भोकात आहे आणि जुना घासलेला वण कुठे आहे, एवढ्यावरून त्या तुमची गेली दोन-तीन वर्षं वाचून दाखवत.

माझ्या पट्ट्याला दुकानातून आलेली पाच भोकं होती आणि पोट वाढेल तशी टोकाकडे मी पाडलेली तीन. जेवणाच्या सुट्टीत टूलरूममधला पंच घेऊन पाडलेली. कंबर मोजायला पट्टा काढला तेव्हा सिस्टरांनी त्यांवरून अंगठा फिरवला. "हे कुणी केलं?"

"मीच. फिनिशिंग बगा की."

"फिनिशिंग छान आहे. साखर तपासू या."

मी म्हणालो, "चरबी काय, पडून ऱ्हाती. कुणाला तरास देती?"

"चरबी म्हणजे गोदाम नव्हे रे. चालू डिपार्टमेंट आहे, तिन्ही शिफ्ट," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चरबीतून हार्मोन निघतात. त्यातलं एक मेंदूला कळवतं, की साठा पुरेसा आहे, आता खाणं थांबव. चरबी फार झाली की तो निरोप इतका येत राहतो की मेंदू लक्षच देत नाही. आमच्या कारखान्यातला अलार्म रोजच वाजायचा आणि आम्ही त्याच्याखाली बसून डबा खायचो, तसंच ते. शिवाय फुगलेली चरबी सूज वाढवणारे निरोप रक्तात सोडते. ही सूज दिसत नाही, दुखत नाही, पण तिच्यामुळे शरीर इन्शुलिनचंही ऐकेनासं होतं आणि साखर रक्तातच फिरत राहते. "सूज आवरणारंही एक हार्मोन असतं. पोट वाढलं की नेमकं तेच कमी होतं," हे सांगताना चांगला कामगार नोकरी सोडून गेल्यासारख्या त्या हळहळत.

माझी साखर वाढलेली निघाली. मी कंत्राटी, काम पत्रा दाबायच्या प्रेसवर, घरी चार वर्षांची पोर. अनफिटचा शेरा पडेल म्हणून मी पार घाबरलो. सिस्टर म्हणाल्या, "शेऱ्याचं डॉक्टर बघतील. तू औषध घे, कॅन्टीनचा दुसरा वडा सोड आणि दर महिन्याला मला पट्टा दाखव." वर्षभरात मी दोन भोकं आत आलो.

"सिस्टर, तुमची कंबर कंदी मोजली का?" आम्ही चिडवायचो. पांढरा कोट पोटावर ओढून घेत त्या म्हणत, "वेळ कुठाय? बाहेर लाईन बघ." आम्ही हसायचो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

हृदयाच्या दुखण्यानं त्या पिंपरीच्या हॉस्पिटलात पडल्या, तेव्हा मी पुनावळ्याच्या घरून भेटायला गेलो. दिवाळीपासून मी घसरलो होतो, पुन्हा शेवटच्या भोकावर आलो होतो. म्हणून जाताना नवा पट्टा घेतला. पडल्या पडल्या त्यांची नजर तिथंच गेली.

"नवा घेतलास? जुना कुठाय?"

मी शर्ट पट्ट्यावर ओढला.

"लपवायला शिकलास," त्या म्हणाल्या. "मीही लपवलंच म्हणा. पुढच्या महिन्यात जुना घालून ये."

पुढचा महिना त्यांना मिळाला नाही.

मी जुना पट्टा पुन्हा बाहेर काढून घातला. त्याला वर्ष होत आलं. परवा बकल दुकानातून आलेल्या भोकात शिरलं. राहवेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात गेलो. नव्या सिस्टर स्वभावानं चांगल्या आहेत. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय होतंय?"

"काय न्हाई," म्हणालो आणि प्रेसवर परत आलो.