सासूबाईंचा अख्खा सिनेमा

आमच्या घरातला टीव्ही आमच्या ऐपतीपेक्षा मोठा आहे. नवऱ्याचं मूल या तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकल्सचं दुकान. तिथे गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून आणलेला हा टीव्ही कोणी विकत घेईना, तेव्हा तो आमच्या गावच्या घरी आला आणि पुढच्या खोलीची भिंत अडवून बसला. तेव्हापासून नवऱ्याचं एकच पालुपद, सिनेमा पाहायचा तो घरी. चंद्रपूरला जायचं म्हणजे बसची वाट बघा, जंगलातल्या रस्त्याने जा, दिवस मावळायच्या आत परतायची घाई करा, मक्याच्या चार लाह्यांना मागतील तेवढे पैसे मोजा, आणि एवढं करून पुढच्या खुर्चीत नेमका उंच माणूस येतो. घरी कसं, लोळत पाहावं.

मी शाळेत शिकवते, वाद घालायची मला हौस आहे आणि सवयही. पण या मुद्द्यावर मी गप्प होते. लोळत पाहायला मलाही आवडतं.

गेल्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, लेकीच्या वर्गात एका नव्या सिनेमाचं वेड पसरलं. एक म्हातारा आजोबा आणि त्याची नात जुन्या ट्रॅक्टरवर बसून दूरच्या लग्नाला निघतात, असा तो घरच्या सगळ्यांनी मिळून पाहायचा सिनेमा. चंद्रपूरला लागला होता, आणि त्याच वेळी घरीही पाहता येत होता. फक्त त्याचे वेगळे, जास्तीचे पैसे. मोबाइलवर त्याची जाहिरात लेकीने आजीला दाखवली. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरला तो म्हातारा हात जोडतो, एवढंच त्यात होतं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, पुन्हा दाखव म्हणाल्या, पुन्हा हसल्या.

मग त्या म्हणाल्या, "हा मले पुरा पाहाचा हाये. सुरू होते तिथून तं संपते तिथवर. आजवर एकही सिनेमा पुरा नाई पाह्यला मी."

सासूबाई कधी काही मागत नाहीत. साडी आणली तर "होती ना एक" म्हणतात. त्यामुळे हे ऐकून नवराही हलला. लगेच पैसे भरायला बसला.

"वर्षाचे पैशे तं तू दिवाळीतच भरले होते," सासूबाई म्हणाल्या. "मंग आता काऊन मांगून राह्यले?"

"ते जुन्या सिनेमाचे, आई. हा नवा हाये. नव्याचे वेगळे."

"म्हंजे भाताचे घेतले आन् आता वरणाचे मांगतेत?"

"तसंच समज," नवरा म्हणाला, आणि पैसे भरून मोकळा झाला. सिनेमा दोन दिवसांसाठी आमचा झाला.

इथवर ठीक होतं. पण आमच्या झाडीपट्टीत एकट्याने काही पाहायची रीत नाही. कापणी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटक लागतं, आणि ज्या गावात नाटक त्या गावातली माणसं लेकी-जावयांना, व्याही-विहिणींना सांगावे धाडतात. नाटक आहे आणि घरी पाहुणे नाहीत, हे कमीपणाचं समजतात. नवऱ्याच्या अंगात तेच भिनलेलं. जास्तीचे पैसे भरले आहेत, तर जास्तीची माणसं पाहू देत, असं म्हणून त्याने सिंदेवाहीला बहिणीकडे फोन लावला. नणंदबाई नवरा-मुलांसह येणार. मग शेजारच्यांना न बोलावून कसं चालेल? मग मागच्या आळीतल्या चुलत्यांना? शनिवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत इतक्या चपला जमल्या की शेवटी आलेल्यांना अंगणात काढाव्या लागल्या.

सासूबाईंना आम्ही मधोमध खुर्ची दिली होती. नवी साडी नेसून त्या बसल्याही. सिनेमा सुरू झाला, म्हाताऱ्याने ट्रॅक्टरला हार घातला, आणि जावईबापू आले. जावई दारात उभा आणि सासू खुर्चीत, हे त्यांना जमणं शक्यच नव्हतं. त्या उठल्या त्या थेट स्वयंपाकघरात. मी मागोमाग गेले, "आई, तुम्ही बसा, मी बघते," म्हटलं. तर बेसन भिजवून झालं होतं.

"तू बस जा," म्हणाल्या. "तुले चूल सोडून बाकी सारं जमते."

हा टोमणा मला रोजचा आहे. मी चिडून कांदे चिरायला बसले.

नवरा मनाने चांगला आहे. आई आत आहे हे त्याच्या लक्षात आलं, की तो तिकडून ओरडायचा, "आई, थांबवतो, ये!" आणि सिनेमा थांबवायचा. इथेच सगळा घोटाळा व्हायचा. सिनेमा थांबला की खोलीतल्या प्रत्येकाला काहीतरी आठवायचं. कोणाला पाणी, कोणाला भजे गरम हवे, चुलत्यांना बिनसाखरेचा चहा, नणंदेच्या धाकट्याला आणखी काही. सिनेमा चालू असेपर्यंत निदान कोणी काही मागत नव्हतं. थांबला की सगळ्यांची तोंडं स्वयंपाकघराकडे वळायची. शेवटी सासूबाईच आतून म्हणाल्या, "चालूच राहू दे बाप्पा! मले आयकू येते."

त्यांनी तो सिनेमा असा ऐकला. सगळे हसले की झारा हातात धरून त्याही हसायच्या, कशाला ते माहीत नसताना. पाहुणे गेल्यावर त्यांनी नातीला विचारलं, "ट्रॅक्टर चिखलातून निघालं कसं?" लेकीने शेवट आधी सांगितला, मग मधलं, मग एक गाणं म्हणून दाखवलं. सासूबाई "हाव का," "हाव का" करत राहिल्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं. आपले कपडे कोणी दुसऱ्याने घालावेत आणि आपल्याला वर्णन सांगावं, तसा प्रकार होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सिनेमा संध्याकाळपर्यंत आमचाच होता. मी चंगच बांधला. जेवणं लवकर आटोपली, नवऱ्याला आणि लेकीला शेताकडे पिटाळलं, दार लोटलं, सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "आता घर माझ्यावर. तुम्ही उठायचं नाही."

त्या बसल्या. थोड्या वेळाने विरजण मागायला शेजारीण आली. मी उठायच्या आत सासूबाई उठल्या, कारण विरजण कुठल्या गंजात आहे ते मला माहीत नव्हतं. परत बसल्या. अंगणात वाळत घातलेल्या तांदळावर कोंबड्या आल्या. मी हाकलते म्हटलं, तर "तू हाकलते का खेळवते?" म्हणून त्याच गेल्या. परत आल्या, बसल्या, आणि डोळे टीव्हीवर ठेवून कान मात्र मागच्या दाराकडे. दूध उतू जात नसताना दोनदा बघून आल्या. मी शेवटी वैतागले.

"आई, कोणी बोलावलं नाही, कोणी मागितलं नाही, तरी तुम्ही काऊन उठता?" रागात माझ्याही तोंडून काऊन गेलं.

त्या हसल्या नाहीत. खुर्चीच्या हातावर बोट फिरवत म्हणाल्या, "घरी बसून नाई होत माह्याकडून. आपल्या गावच्या मंडईत मी कधी नाटक पाह्यलं नाई. लगन होऊन आली तवापासून एकही नाई. पाहुणे असतेत ना घरी. त्यायचं जेवण, त्यायचे बिस्तरे, सकाळचा चहा. नाटक पाहाचं असन तं दुसऱ्याच्या गावी जा लागते. माह्या बहिणीच्या गावी गेली तवा पाह्यलं, तेही अर्धं. मंग तिले मदत कराले गेली."

"मग तुमच्या बहिणीने?"

"तिले तरी तिच्या गावचं कुठं पाहाले भेटते? तिनं इथी येऊन पाह्यलं."

एवढ्या वर्षांत मी दर मंडईला त्या नाटकाच्या मांडवात सतरंजी पकडून बसले होते आणि सासूबाई मागे घरी का राहतात हे मी विचारलंच नव्हतं. आवड नसेल, असं वाटायचं. मग परत टीव्हीकडे पाहिलं, तर म्हातारा आणि नात एका नदीकाठी थांबले होते, आणि तेवढ्यात नवरा-लेक शेतातून आले आणि चहा झाला. संध्याकाळी मी पुन्हा सिनेमा लावायला गेले तर मुदत संपली होती. पाहायचा असेल तर पुन्हा पैसे भरा, असं तिथे लिहून आलं.

"पुन्हा?" नवरा म्हणाला.

"पुन्हा," मी म्हटलं. "पण इथे नाही. चंद्रपूरला."

"जो सिनेमा आपण पैसे भरून पाह्यला, तो बस करून जाऊन पुन्हा पैसे भरून पाहाचा? लोक हसतीन."

"तुम्ही पाहिला. त्यांनी ऐकला."

तसा तो समंजस आहे, फक्त त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. रात्रभर वेळ दिला. सकाळी म्हणाला, "बायकांले अर्धं तिकीट हाये म्हणा बसचं." मी समजून गेले.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. सकाळची बस, दुपारचा खेळ, उजेड असतानाच परत. टाकीजच्या गार हवेत शिरल्यावर त्यांनी पदर गुंडाळून घेतला आणि खुर्ची दाबून पाहिली. "हे खाली-वर होते का?" लेकीने दाखवलं. मग त्या बसल्या, हात मांडीवर ठेवून, वर्गात पहिल्या दिवशी मुलं बसतात तशा.

अंधार झाला. म्हाताऱ्याने ट्रॅक्टरला हार घातला. यावेळी कोणताही जावई आला नाही. मागे कोणाचं मूल रडायला लागलं, तेव्हा सासूबाईंनी मान वळवली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मूल त्याच्या आईचं होतं, ती बघणार होती. सासूबाईंनी मान पुन्हा पुढे केली. मग एका ठिकाणी पाऊस सुरू झाला, आणि त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हा आवाज पाण्याचा होता? मले वाटलं माह्या कढईचा हाये."

चिखलाच्या जागी त्या इतक्या जोरात हसल्या की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. तो खरोखर उंच होता.

मध्यंतरात नवरा चहा आणि लाह्या घेऊन आला. सासूबाई उठायला लागल्या होत्या, मी खाली बसवलं. मुलाने समोर धरलेला चहा त्यांनी घेतला, एक घोट प्यायल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "साखर जास्त झाली." कोणाच्या घरी गेल्यावर सोडाच, स्वतःच्या घरीही त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या लाह्यांचे पैसेही विचारले नाहीत.

सिनेमा संपला. दिवे लागले, माणसं उठली, लेक पायऱ्या उतरून पुढे गेली. सासूबाई बसूनच होत्या. पडद्यावर नावं वर सरकत होती.

"पुरं संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

"माह्यं काईच नाई सुटलं ना?"

"काहीच नाही, आई."

तरी नावं संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मीही नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. सासूबाईंनी तिला गाव विचारलं, लेकरं विचारली आणि मग सिनेमा सांगायला सुरुवात केली. हारापासून. क्रमाने. नदी, पाऊस, चिखल, काही न गाळता. सिनेमात काय झालं हे आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलेल्या माझ्या सासूबाई हातवारे करून सांगत होत्या आणि मागच्या सीटवर मी डोळे पुसत होते.

शेवट यायच्या आधी त्या बाईने हात वर केला. "पुरे बाई, पुढचं नका सांगू. माह्या पोरानं घरी पैशे भरले हायेत त्याच्यासाठी. उद्या पाहाचा हाये. पाहुणेही येऊन राह्यले."

सासूबाई थांबल्या. "पाहाचा असन तं टाकीजमंधी जाऊन पाह्य," त्या म्हणाल्या.

"काऊन? टीव्ही मोठा हाये ना आमच्याकडं."

"आमच्याकडंही हाये. अख्खी भिंत हाये. पण घरी आपल्याले दिसत नाई."

त्या बाईने भाजीची पिशवी खाली पायाशी ठेवली.

"बरं," ती म्हणाली, "सांगा मंग पुढचं."