दिवसा वाचलेली गोष्ट

हरणाबाईची दुपार सुईची आणि संध्याकाळ चुलीची. जळकोटच्या बाहेर, हायवेपासून हाकेच्या अंतरावर तिचं दोन खोल्यांचं घर आहे. नवरा बिरू मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर असतो. भीमेच्या काठानं, कधी पार कर्नाटकात. मागे ती आणि मुलगी शिवकन्या. हरणाबाई लोकांना वाकळा शिवून देते. बायका जुनी लुगडी, धोतरं, मेलेल्या माणसांचे सदरे गाठोड्यात बांधून आणून टाकतात. ती ते उसवते, धुते, थरावर थर लावते आणि कडेपासून आत टाके घालत जाते. बारीक टाक्याला ऊन लागतं. दिव्याखाली शिवलेली वाकळ वाकडी जाते.

तिला वाचता येत नाही. दुसरीत होती तेव्हा भूकंप झाला. सास्तूरचं घर गेलं, सगळे पत्र्याच्या शेडमध्ये आले. आईबाप मजुरीला जाऊ लागले आणि तीन वर्षांच्या भावाला, मल्लिनाथला, सांभाळायला हरणा घरी राहिली. ती राहिली ती राहिलीच. तापल्या पत्र्याखाली तो दिवसभर गोष्ट मागायचा आणि ती म्हणायची, दिवस बुडू दे. आईनं दटावून ठेवलं होतं, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. त्यांचा मामा मेंढरांमागं रानोमाळ असायचा. पोर रडून झोपी जायचं, पण तिनं तोंड उघडलं नाही.

तोच मल्लिनाथ पुढे आठवी शिकला, द्वारकाबाईशी लग्न करून सास्तूरलाच राहिला आणि त्यानं पिकअप घेतला. लोकांचा कांदा, टोमॅटो भरून तो सोलापूरच्या मार्केटला जाई आणि परतताना दुपारच्या चहाला बहिणीकडे थांबे. एकदा त्यानं एक जाडजूड पुस्तक आणलं. कव्हरवर टोकदार टोपीचा दाढीवाला म्हातारा आणि त्याच्यामागे कंदील धरलेली मुलगी.

"रद्दीवाल्याकडं वजनावर घेतलं," तो म्हणाला. "लेकरांचं दिसतंय. आमची शिवकन्या वाचंल."

शिवकन्या तेव्हा सातवीत होती. कोपऱ्यात बसून ती ते मनात वाचू लागली. एकदा मोठ्यानं हसली आणि थोड्या वेळानं डोळे पुसू लागली. हरणाबाईची सुई थांबली.

"काय झालं गं?"

"म्हातारा त्याच्या कुत्र्याचं नाव इसरला."

"मग त्यात रडायचं काय?"

तेव्हा शिवकन्येनं सांगितलं. म्हातारा जादूगार आहे. त्याची जादू खरी आहे, पण प्रत्येक जादूपायी त्याची एक आठवण जाते. कुणाचं शेत वाचवलं, की आईचा आवाज गेला. पूर थोपवला, की कुत्र्याचं नाव गेलं. आणि ही कंदीलवाली लिया त्याची चेली. काय काय गेलं ते ती ध्यानात ठेवते.

हरणाबाईनं सुईत नवा दोरा ओवला. जादू फुकट नाही, ही गोष्ट तिला पटली. पुस्तकातला माणूस आपल्यासारखाच कशाचं तरी मोल देऊन जगतो, एवढं तिला पुरे होतं.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "न्हाय. दिवसा नगं. तुझा मामा रोज रस्त्यावर असतो."

"माय, दिवसा गोष्ट सांगायची न्हाय म्हणत्यात. वाचायची न्हाय असं कुठं म्हणत्यात?"

त्याच आठवड्यात मल्लिनाथ आला तेव्हा हा तंटा त्याच्यापुढे गेला. तो बाजेवर आडवा झाला होता.

"हिला वकील करा," तो म्हणाला. "आन् अक्का, मामा कोण? मीच ना? मग मला इचार की. म्या म्हणतो, वाचा. सोलापूरचा रस्ता मला डोळं झाकून येतो."

"डोळं झाकून गाडी चालवू नकोस म्हंजी झालं," हरणाबाई म्हणाली. पण तिचं मन मोकळं झालं.

अशी दोन वर्षं गेली. शाळेला सुट्टी असेल त्या दुपारी शिवकन्या उंबऱ्यात बसून वाची आणि आत वाकळ एकेक ओळ पुढे सरके. पुस्तकाचे पुढचेही भाग होते; मल्लिनाथला दुसरा आधी सापडला नाही, तिसरा सापडला. तो त्यांनी पेटीवर तसाच ठेवला आणि दुसऱ्याची वाट पाहिली. शिवकन्या भाषांतरातल्या इंग्रजी नावांना अडखळे. हरणाबाईनं जादूगार ओरिनला म्हातारा केलं आणि लियाला लेक. मल्लिनाथ आला की तोही ऐकत बसे, हातातला चहा गार होई. पण तो रोज कुठला असायला. मध्येच आल्यावर तो विचारी, "अक्का, मागं काय झालं?" शिवकन्या शाळेत असे. मग हरणाबाई सुई चालवत त्याला मागचं सगळं सांगे; कोण कुठं गेलं, म्हाताऱ्याचं काय हरवलं, लेक काय म्हणाली. पुस्तकात दोन ओळी असत तिथं ती चार करी. लहानपणी न सांगितलेल्या गोष्टींचं जणू ती आता देणं फेडत होती. आपण हे वाचत नाही, तोंडानं सांगतोय, आणि बाहेर लख्ख ऊन आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

चौथ्या भागाच्या शेवटी म्हातारा स्वतःचं गावच विसरला. लेक त्याचा हात धरून त्याला घरी न्यायला निघाली. दोघं एका लाकडी पुलाच्या मधोमध आले, पूल कडाडला, आणि पुस्तक संपलं.

"संपलं?" हरणाबाई म्हणाली. "माणसं पुलावर ठिवून? ही काय रीत झाली?"

"पाचवा भाग हाय माय. शेवटचा."

"आणतो की," बाजेवरून मल्लिनाथ म्हणाला. "कुठं जातोय त्यो."

तो सहा महिने शोधत राहिला. पाचवा काही मिळेना. पौषातल्या एका दुपारी, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, हरणाबाईनं चौथा भाग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला. त्याच दिवशी दिवस कलताना मल्लिनाथचा पिकअप अक्कलकोट रस्त्याला उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळला. तो जागीच गेला.

सास्तूरला माती झाली. जमलेल्या माणसांच्या तोंडी एकच प्रश्न. सोलापूरहून घरी यायचं तर नळदुर्ग, जळकोट. अक्कलकोटचा रस्ताच वेगळा. तिकडे ना त्याचं भाडं, ना पाहुणा. तिकडे तो गेलाच कशाला?

बिरू मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आला होता. भिंतीला टेकून तो म्हणाला, "वाट चुकला आसंल."

कुणीतरी मान हलवली. दुसऱ्यानं तेच म्हटलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाचं झालं. हरणाबाई बायकांत बसली होती. तिचं रडणं तिथंच थांबलं, आणि पुढे तिला रडू आलं नाही.

घरी आल्यावर तिनं चारही पुस्तकं पेटीत तळाशी घातली आणि वर जुन्या कपड्यांचं गाठोडं ठेवलं. शिवकन्येला वाटलं, मामानं आणलेली म्हणून मायला ती बघवत नाहीत. तिनं विचारलं नाही. दोघी एकमेकींना जपत त्या घरात वेगवेगळ्या राहू लागल्या. हरणाबाई दुपारी शिवायला बसे, पण टाका मोठा पडू लागला. ती मनात पुन्हा पुन्हा हिशेब मांडी. वाचलं, त्याला पळवाट होती. भाऊच म्हणाला होता वाचा. पण सांगितलं ते? ते तर मी त्यालाच, मामालाच, समोर बसवून, भर दिवसा सांगितलं. आईनं एवढी एकच गोष्ट बजावली होती. कधी तिला वाटे, हे सगळं खुळं आहे. रस्त्यावर रोज माणसं मरतात, त्यांच्या काय बहिणी गोष्टी सांगतात? मग बिरूचं ते वाक्य आठवे. चुकला नसता तर तिकडे गेला कशाला?

ती सास्तूरला जाईना. नागपंचमी गेली, दिवाळी गेली. द्वारकाबाईनंही बोलावलं नाही. भावजयीच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत हरणाबाईत नव्हती, आणि न सांगता तिच्या घरचं पाणी प्यायची तर त्याहून नव्हती.

वर्षश्राद्धाला मात्र जावंच लागलं. बिरू लांब होता. मायलेकी सकाळच्या गाडीनं गेल्या. पान वाढलं, कावळा शिवला, माणसं जेवून पांगली. दुपारी ओसरीवर तिघीच उरल्या. द्वारकाबाई परातीतला उरलेला भात पातेल्यात काढत होती. वर्षात ती वाळून गेली होती.

"द्वारका," हरणाबाई म्हणाली, "मला एक सांगायचंय. मग तू मला घरात घे न्हायतर हाकलून दे."

तिनं सगळं सांगितलं. पुस्तकं, उंबरा, भावानं दिलेली परवानगी. मग तोंडानं सांगितलेलं. मग आईचा शब्द. बोलताना तिचे हात मांडीवर शिवल्यासारखे हलत होते. शिवकन्या ऐकून जागच्या जागी थिजली. आपली माय वर्षभर हे घेऊन बसली होती, आणि आपण तिच्या समोर गणितं सोडवत होतो.

द्वारकाबाईनं परात बाजूला सरकवली.

"वाट चुकले? तुमीबी तसंच म्हणताय?"

"समदेच म्हणत्यात."

"त्या दिशी मला त्यांचा फोन आला व्हता. तीन वाजता," द्वारकाबाई म्हणाली. "रद्दीवाल्यानं पत्ता दिला व्हता म्हणं. अक्कलकोट रस्त्याला एका गुरुजींचं घर. त्यांच्या पोरानंच ती पुस्तकं इकली व्हती, शेवटचं तेवढं ठिवलं व्हतं. म्या म्हणलं, अवं, एवढ्या लांब, पुस्तकापायी? घरला या गुमान. तर म्हणले, अक्का पुलावर थांबलीया. मला काय कळंना. कसला पूल, आन् अक्का तिथं कशाला."

तिनं हाताला लागलेली शितं पातेल्यात झटकली.

"वाट न्हाय चुकले ते. गाव इचारत इचारत गेले. पुस्तक घिऊन माघारी येत व्हते."

ती उठून आत गेली. ज्वारीच्या कोठीचं झाकण वाजलं. परतली तेव्हा तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक होतं. कव्हराचा एक कोपरा दुमडून तुटला होता. "पोलिसांनी सामान दिलं त्यात हे व्हतं. म्या कुणाला बोलले न्हाय. लोक वाट चुकला म्हणाले, म्हणू दिलं. पोरांच्या पुस्तकापायी मेला म्हणण्यापरीस त्ये बरं वाटलं." मग तिनं हरणाबाईकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "आन् तुमचा राग आला व्हता, अक्का. लई. आजून हाय."

"आसू दे," हरणाबाई म्हणाली.

तिला हलकं वाटलं नाही. ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं होतं, इतकंच. भाऊ आंधळ्यासारखा कुठं भरकटला नव्हता. डोळे उघडे ठेवून, लोकांना विचारत, तिच्याचसाठी गेला होता. वर्षभर जे रडू आलं नव्हतं ते आता आलं, आवाज न करता, आणि तिनं ते पुसलं नाही.

द्वारकाबाईनं तिला रडू दिलं. मग पुस्तक शिवकन्येच्या मांडीवर टाकलं.

"वाच गं. कशापायी गेले ते मलाबी कळू दे."

शिवकन्येनं पहिलं पान उघडलं आणि मायकडे पाहिलं.

"तिला मागचं ठाव न्हाय," हरणाबाई पदरानं नाक पुसत म्हणाली. "मधूनच वाचलं तर काय कळंल तिला." अंगणात ऊन होतं, सावल्या अजून भिंतीपाशीच होत्या. तिनं ते पाहिलं. मग घसा साफ केला. "एक म्हातारा व्हता, द्वारका. जादूगार. पर त्याची जादू फुकटची नव्हती..."

ती सांगत गेली. थोड्या वेळानं द्वारकाबाईनं तिला थांबवलं.

"ह्यांना हे समदं पाठ व्हतं?"

"व्हय. माझं काय चुकलं तर सांगायचा."

"मला कंदी एक अक्षर बोलले न्हाईत." ती पातेल्याच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "ऐकताना हसायचे का?"

"हसायचा की."

"घरात लई हसत नव्हते अलीकडं. हप्ते, टायर, डिझेल." तिनं बोट पदराला पुसलं. "कुठं कुठं हसायचे तिथं मला सांगा."

हरणाबाईनं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून धरली. म्हाताऱ्यानं टोपी समजून डोक्यावर कढई घातली, तिथं ती थांबली आणि म्हणाली, "हितं." द्वारकाबाईनं मान हलवली. पुढे बोलणारी बकरी आली. "हितं." ओसरीवर कुणी हसलं नाही. शिवकन्या पाचवा भाग मिटून ऐकत होती. तिला ह्या जागा माहीत नव्हत्या, मामा यायचा तेव्हा ती बहुतेक शाळेत असायची. पहिल्या भागातच अशा पुष्कळ निघाल्या.