नाकातले दोन थेंब

बाबांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही. तरी कुडाळच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडावर धरून कॅन्सरची शंका बोलून दाखवली, तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. देवाला त्या दिवशी मी जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नळी घालून फुप्फुसातलं पाणी तपासायला पाठवलं. अहवाल येईपर्यंत आईने आपला नेम मोडला नाही. देवबागला आमच्या घरच्या माडांचं खोबरं वाळवून घाण्यावर नेतात. त्या तेलाचे दोन थेंब ती रोज झोपण्याआधी बाबांच्या नाकात सोडायची, अगदी लग्न झाल्यापासून. आम्ही मुलं पळ काढायचो. बाबा मात्र शहाण्या बाळासारखे आडवे होऊन मान मागे टाकायचे.

अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी आधी एक भलताच प्रश्न विचारला. "नाकात काही घालता का?"

"व्हय तर! घरचा खोबरेल," बाबा म्हणाले. "ही घालता. खोकलो लागल्यापासून दोनाचे चार थेंब केल्यान."

आई लाजून हसली. आता कौतुक होणार असंच तिला वाटलं असावं.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसात तेल साचलंय. आडवं झाल्यावर नाकातून घशात आणि तिथून थोडं थोडं खाली उतरत गेलं. असं क्वचितच होतं, पण फोटोत हुबेहूब कॅन्सरसारखं दिसतं. तेल आजपासून बंद. हळूहळू निवळेल."

तेल! मी थक्क होऊन बघतच राहिले. मग इतका आनंद झाला, की डॉक्टरांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. तेवढ्यात आईकडे लक्ष गेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे माझ्याच हातान?" ती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळणार होतं?" डॉक्टरांनी समजूत घातली. तिला ते ऐकूही गेलं नसावं.

परतताना रिक्षात बाबा तिची थट्टा करत होते. "इतक्या वर्सांत मेलंय नाय, आता काय मरतंय गो!" ती बाहेर बघत राहिली.

जेवणं झाली. बाबा सवयीने आडवे झाले, मान मागे टाकली, डोळे मिटले आणि थांबून राहिले. आई नेहमीसारखी उशाशी उभी होती. तिने दोन्ही हात पदराखाली लपवले.

"उठा," ती रडत म्हणाली. "माका बघवणा नाय."