कोळ्याच्या जाळ्यातलं शिसं

शिसं दिसलं की दिवाळे या कोळीवाड्यातला तो गुन्हा मला अजून आठवतो. साठचं दशक होतं, मी तिथे फौजदार होतो. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने नुकते उभे राहत होते आणि आमच्या हद्दीत चोऱ्याही वाढत होत्या.

एका रसायनांच्या कारखान्यातून शिशाच्या लाद्या गेल्या. दिवाळ्याच्या एका कोळ्याकडे नवंकोरं शिसं आहे, अशी खबर तिथल्या स्टोअरकीपरने स्वतः आणली. झडतीत जाळ्याला लावायच्या चकचकीत गोळ्या मिळाल्या. पंचनामा झाला, गोळ्या मुद्देमालात जमा झाल्या आणि कोळ्याला गावादेखत बंदरावरून उचललं.

"साहेब, नारली पुनवेच्या आधी आमी दर साली जुनं शिसं वितलवून गोल्या वततो," तो म्हणाला. "नवं दिसतं म्हनून ते चोरीचं हाय का?"

पुनवेनंतर होड्या निघणार होत्या. हा कोठडीत राहिला तर होडीवर याच्या जागी दुसरा जाणार होता.

खबऱ्या फार मदत करू लागला की मी सावध होतो. दोन दिवसांत स्टोअरकीपर एका एजंटाला घेऊन आला. हे गृहस्थ धातू तपासायची परदेशी यंत्रं कारखान्यांना विकत. धातूचा कण विजेच्या ठिणगीत जाळला की प्रकाशाच्या रेषा काचेवर उमटतात, आणि प्रत्येक धातूच्या रेषा वेगळ्या. कारखान्यात नमुना म्हणून मांडलेल्या यंत्रावर त्यांनी दोन्हीकडचं शिसं जाळून दाखवलं. रेषा तंतोतंत जुळल्या. यंत्र खोटं बोलत नाही, हे त्यांनी पुन्हापुन्हा ऐकवलं. यंत्र बोलत नाही हे मलाही दिसत होतं, बोलत हेच होते.

मी पनवेलच्या बाजारातून शिशाचा तुकडा आणला आणि कोळ्याचाच म्हणून दिला. तोही जुळला.

"मग पनवेलचा दुकानदारही चोर का?" मी विचारलं.

एजंटाचा चेहरा उतरला. चौकशीत सगळं बाहेर आलं. शिसं कुठलंही असो, शिशाच्या रेषा त्याच. कारखान्याचं शिसं कडक व्हावं म्हणून त्यात अँटिमनी हा दुसरा धातू घातलेला होता. अँटिमनीची रेषा एजंटाने काचेवर झाकली होती. त्या बदल्यात यंत्र खरेदीची शिफारस करतो, असं स्टोअरकीपरने त्याला कबूल केलं होतं. सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालात कोळ्याच्या गोळ्यांत अँटिमनी निघालं नाही. मग स्टोअरकीपरला आत घेतलं. लाद्या त्यानेच भंगारवाल्याला विकल्या होत्या.

तोवर पुनव होऊन गेली होती. तू सुटलास, असं मी कोळ्याला सांगितलं. तो उठेना.

"मी चोर नाय ह्ये मना ठावं हाय," तो म्हणाला. "तुमी गावात येऊन सांगा."

मी वर्दी चढवून बंदरावर गेलो आणि मासळी सुकवणाऱ्या बायकांसमोर, होडीच्या म्होरक्या तांडेलासमोर, हा चोर नाही असं मोठ्याने सांगितलं. तांडेलाने ऐकून घेतलं आणि कोळ्याला म्हणाला, "उद्या होडीवर ये."

आपण पोलीस अटक चारचौघांत करतो आणि सुटका कागदावर. त्यानंतर निर्दोष माणूस सुटला की मी स्वतः त्याला त्याच्या गावात सोडायला जात असे.